आजोबांच्या दुकानाची पाटी : पुन्हा रंगवावी की आहे तशी राखावी?

प्रश्न : दापोलीजवळ माझ्या आजोबांचे दुकान होते. ते बंद झाल्यावर दुकानाची पत्र्याची पाटी पुष्कळ वर्षे माळ्यावर पडून राहिली आणि आता ती माझ्याकडे आली आहे. साधारण चार फूट लांब आणि दीड फूट रुंद अशी ही पाटी लाकडी चौकटीत ठोकलेली असून हिरव्या रंगावर ‘किराणा व भुसार मालाचें दुकान’ अशी पिवळी, तांबड्या सावलीची अक्षरे आहेत. खालच्या कडेला आणि खिळ्यांभोवती गंज चढला आहे, काही अक्षरांवरचा रंग पापुद्र्यांसारखा सुटतो आहे. ओळखीचे पेंटर सगळे घासून, रेड ऑक्साइड मारून हुबेहूब तीच अक्षरे काढून द्यायला तयार आहेत. घरची मंडळी खोबरेल तेल चोळायला सांगतात. पाटी पुण्याच्या घरात लावायची आहे. काय करावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : पेंटरना कृपया थांबवावे. ते मनापासून मदत करू पाहत आहेत यात शंका नाही, परंतु पत्रा एकदा घासला गेला की आपल्या हाती राहील ती आजोबांच्या पाटीची प्रतिकृती, पाटी नव्हे. पिवळ्या अक्षराचा वळसा जिथे कुंचला वळवताना किंचित जाड झाला आहे, जिथे तांबडी सावली अक्षराच्या बाहेर केसभर गेली आहे, तिथे तो लिहिणारा माणूस अजून आहे. ‘मालाचें’ या शब्दावरचा अनुस्वारही असाच जपण्यासारखा आहे. १९६२ मध्ये स्वीकारलेल्या लेखनविषयक नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठीतून काढून टाकले, त्यामुळे पाटी त्याआधीची किंवा निदान जुन्या वळणात शिकलेल्या हाताची असावी, असे मला वाटते. पुन्हा रंगवताना हा अनुस्वार चूक समजून गाळला जाण्याचीच शक्यता अधिक.

आता गंजाविषयी. लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू या दोन्ही गोष्टी लागतात, आणि कोकणच्या हवेतील मीठ ही क्रिया फार वेगवान करते, कारण मीठ हवेतील ओलावा ओढून पत्र्यावर धरून ठेवते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाच्या खाली शिरला की रंगाला आतून वर उचलतो. आपल्याला दिसणारे पापुद्रे हे बहुधा त्याचेच फळ आहे. खालची कड सर्वांत अधिक गंजली याचेही कारण सरळ आहे. पाटीवरून ओघळणारे पावसाचे पाणी चौकटीच्या खालच्या खाचेत साठत असणार आणि तेथील लाकूड ते पाणी दिवसेंदिवस धरून ठेवत असणार.

काहीही करण्यापूर्वी पाटी आडवी, अक्षरे वर येतील अशी ठेवावी आणि दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, त्यांतले काही एका बाजूने तिरपा उजेड पाडून, म्हणजे कुठला रंग उचलला गेला आहे ते स्पष्ट दिसेल. गळालेला प्रत्येक कपचा कागदी पाकिटात, कुठून पडला ते लिहून ठेवावा. दुसरी गोष्ट आरोग्याची आहे आणि ती मी आग्रहाने सांगतो. जुन्या तैलरंगांमध्ये, विशेषतः पिवळ्या रंगात आणि खालच्या शेंदरी अस्तरात, शिसे असण्याचा संभव मोठा असतो. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासूनच लागू झाली. म्हणून या पाटीवर कोरडा पॉलिशपेपर फिरवू नये, काम हातमोजे घालून करावे, पडलेली धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी सुटणारा रंग बसवायचा, मग स्वच्छता, मग गंज आणि सर्वांत शेवटी मेण. मेण आधी लावले तर त्यानंतर रंगाखाली काहीही चिकटत नाही. रंग बसवण्यासाठी संग्रहालयांमध्ये पॅरालॉइड बी-७२ नावाची ॲक्रिलिक राळ वापरतात. ती काळानुसार फारशी पिवळी पडत नाही आणि पुढे काढायची झाल्यास पुन्हा विरघळते. १०० मिलीलीटर ॲसिटोनमध्ये सुमारे ५ ग्रॅम राळ विरघळवून बारीक कुंचल्याने थेंबभर द्रावण पापुद्र्याच्या कडेला लावले की ते आपोआप आत शिरते. मात्र ॲसिटोनने रंग स्वतःच मऊ होऊ शकतो. म्हणून प्रत्येक रंगाच्या एखाद्या कोपऱ्यात ॲसिटोनचा कापूस क्षणभर टेकवून पाहावा. कापसाला रंग लागला तर हे काम घरी करण्याचा विचार सोडून द्यावा. अक्षरांवरचा रंग तळहाताएवढ्या भागात सुटलेला असेल, तरीही माझा सल्ला हाच राहील. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेचीही संवर्धन केंद्रे आहेत. तेथे फोटो पाठवून विचारणा करावी. सुताराकडचा पांढरा गोंद मात्र वापरू नये, कारण त्यातले पाणी थेट उघड्या लोखंडावर जाते.

स्वच्छतेसाठी मऊ ब्रश पुरेसा आहे. जिथे रंग घट्ट आहे तिथे डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओला केलेला कापूस फिरवून ती जागा लगेच कोरडी करावी. लिंबू, चिंच, व्हिनेगर या सर्वांतले आम्ल रंगाच्या कडेखाली शिरते आणि तिथून ते धुऊन काढता येत नाही. बाजारात मिळणारी, फॉस्फोरिक आम्ल असलेली गंजनाशके दर्शनी बाजूला लावण्यातही हाच धोका आहे.

दर्शनी बाजूचा गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढू नये. सुटा, भुसभुशीत गंज बांबूच्या टोकदार काडीने अलगद काढावा आणि पत्र्याला घट्ट धरलेला तांबूस थर तसाच राहू द्यावा. पाठीमागची बाजू उघडी असेल तर तिथे अधिक मोकळेपणाने काम करता येते, पण आधी तिच्यावर पेंटरची सही, तारीख किंवा पत्र्यावरचा जुना छाप आहे का ते पाहावे. मग अतिबारीक स्टील वूलने (पोलादी तंतूंच्या गुंडाळीने) गंज कमी करावा, डिस्टिल्ड वॉटरच्या कापसाने मीठ दोन-तीन वेळा पुसून घ्यावे आणि हेअर ड्रायरच्या कोमट हवेने पत्रा ताबडतोब वाळवावा. या बाजूला टॅनिक आम्लाचे द्रावण लावता येते. गंजाशी संयोग होऊन त्याचा निळसर काळा, स्थिर थर बनतो. हा काळा रंग कायमचा असल्याने अक्षरांच्या बाजूला तो मी लावणार नाही.

खोबरेल तेल लावू नये. ते वाळत नाही, धूळ धरते आणि पुढे रंग बसवण्याच्या कामात अडथळा आणते. जवसाचे तेल वाळते खरे, परंतु वर्षागणिक पिवळट तपकिरी होत जाते आणि मग ते काढताना खालचा रंगही निघतो. त्याऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून मिळणाऱ्या, सूक्ष्म स्फटिकांच्या मेणाचा) अगदी पातळ हात, तोही केवळ घट्ट रंगावर आणि उघड्या पत्र्यावर, मऊ सुती कापडाने द्यावा.

चौकट काढताना खिळे उपटू नयेत, मागून थोडे थोडे सैल करावेत. पुन्हा बसवताना जुनीच भोके वापरावीत, पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये रबराचे वॉशर ठेवावेत. पितळी स्क्रूचा लोखंडाशी थेट संबंध येऊ देऊ नये, कारण ओलावा असताना त्यांच्या संगतीत लोखंड अधिक वेगाने गंजते. पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत, स्वयंपाकघर आणि उन्हाची तिरीप येणारी जागा टाळावी आणि भिंत व पाटी यांमध्ये बोटभर अंतर ठेवावे. पुण्याची हवा कोकणापेक्षा कोरडी असली तरी गंजात मुरलेले मीठ पाटीबरोबर आलेलेच आहे, म्हणून पहिली दोन वर्षे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्याच तिरप्या उजेडात फोटो घेऊन ते ताडून पाहावेत.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांकडून आलेली चहाच्या जाहिरातीची इनॅमलची पाटी आहे. कोपऱ्यांतले टवके उडून तिथे गंज आला आहे. तिलाही हीच पद्धत लागू पडते का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : पूर्णपणे नाही. इनॅमल हा रंग नसून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला लोखंडावर वितळवून बसवलेली काच आहे, त्यामुळे सौम्य साबणाच्या पाण्याने ती पुसता येते आणि ॲसिटोनचीही भीती नाही. गंजते ते टवक्यातले उघडे लोखंड. तिथला सुटा गंज काढून, जागा कोरडी करून वर सांगितलेल्या राळेचे दोन पातळ थर टवक्याच्या कडेपर्यंत द्यावेत आणि त्यावर मेण लावावे. पत्रा वाकला तर काच तडकते, म्हणून पोक आलेली पाटी ठोकून सरळ करू नये, नवे भोक पाडू नये आणि स्क्रू घट्ट आवळू नयेत. खालच्या कडेला बारीक अक्षरांत बहुधा कारखान्याचे नाव असते. गंज काढताना त्या पट्टीवर स्टील वूल अजिबात नेऊ नये.