दुसरा पासवर्ड कुणाकडे आहे?

प्रश्न: ताई, मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो. वय ७१. आमचा जुना दुमजली वाडा आहे. खाली मी आणि सौ., वर मागच्या दोन खोल्यांत युनिव्हर्सिटीत शिकणारी मुलं भाड्याने असतात. गेल्या दिवाळीआधी फायबरचं कनेक्शन घेतलं. बसवायला आलेल्या मुलाने दहा मिनिटांत सगळं जोडलं, वायफायचा पासवर्ड एका कागदावर लिहून दिला आणि गेला. तोच पासवर्ड मी भाडेकरूंना दिला. आता ती मुलं गेली, नवी आली, म्हणून पासवर्ड बदलायचा आहे. भाचा म्हणाला, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. टाकलं, तर गूगलची भलीमोठी यादी येते. एकदा कसंबसं पान उघडलं, तर त्याने युजरनेम आणि पासवर्ड मागितला. कागदावरचा पासवर्ड दिला, तो घेतला नाही. पाच-सहा वेळा करून पाहिलं. बसवणाऱ्या मुलाचा नंबर आता लागत नाही. शेजारी सांगतात, राउटरच्या, म्हणजे त्या वायफायच्या डब्याच्या, मागच्या भोकात टाचणी घाला, सगळं नव्यासारखं होईल. घालू का?

उत्तर: काका, आधी टाचणी बाजूला ठेवा.

हे मी पोळलेल्या हाताने सांगते आहे. चार वर्षांपूर्वी, गणपतीत, आमच्याकडे वायफाय सारखं तुटत होतं. मी टेलिफोनच्या तक्रार कक्षात २६ वर्षं काढलेली बाई, मला वाटलं एवढं तर आपल्याला येतं. सेफ्टी पिन घेतली, भोकात दाबून दहापर्यंत मोजलं. सगळे दिवे विझले, एकेक करून परत लागले. वायफायचं नाव बदलून कंपनीचं मूळ नाव आलं, फोन जोडलाही गेला, पण इंटरनेट काही आलं नाही. कारण बऱ्याच कनेक्शनांत तुमच्या जोडणीचं स्वतःचं एक युजरनेम आणि पासवर्ड राउटरच्या पोटात भरलेलं असतं, आणि टाचणीच्या या रीसेटमध्ये तेही पुसलं जातं. माझ्याकडे ते कुठे लिहिलेलं नव्हतं. दोन दिवस फोन करत राहिले. गौरींची आरती मुलीला बंगळूरला दाखवायची राहून गेली, ती राहिलीच. म्हणून रीसेट हा अगदी शेवटचा उपाय, आणि तोसुद्धा जोडणीचं युजरनेम-पासवर्ड कंपनीकडून मागून, कागदावर उतरवून घेतल्यावरच.

आता तुमचं मूळ कोडं. तुम्ही चुकलात ते एकाच ठिकाणी, आणि तिथे जवळजवळ सगळेच चुकतात: पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा. तो फोनला, टीव्हीला, भाडेकरूंना द्यायचा. दुसरा राउटरच्या आतल्या पानाचा, म्हणजे सेटिंग्जचा. वाड्याच्या दिंडीदरवाजाची किल्ली आणि आतल्या तिजोरीची किल्ली, तसं समजा. दिंडीची किल्ली भाडेकरूकडे असतेच. तिजोरीची कुणी देत नाही. त्या मुलाने तुम्हाला दिंडीची किल्ली लिहून दिली आणि तिजोरीची दिलीच नाही. माझं ठाम मत आहे की राउटर बसवणाऱ्याने दोन्ही पासवर्ड घरच्या माणसाच्या हातात लिहून दिल्याशिवाय चप्पल घालू नये. तुम्हीही पुढच्या वेळी त्याला जाऊ देऊ नका. वायर नीट बसली का हे आपण बघतो, चहा देतो, आणि नेमकं हे विचारायचं राहतं.

दुसरा पासवर्ड मिळतो कुठे? राउटर उलटा करा. तळाला एक स्टिकर असतो. त्यावर आतल्या पानाचा पत्ता, युजरनेम आणि कारखान्यातला पासवर्ड छापलेला असतो. बऱ्याचदा वायफायचं मूळ नाव आणि पासवर्डही तिथेच असतो, म्हणून दोन्हींत गल्लत करू नका. अक्षरं मुंगीएवढी असतात. चष्म्याने डोळे ताणू नका, मोबाइलने फोटो काढा आणि दोन बोटांनी मोठा करून वाचा. आमच्या स्टिकरवर शून्य आणि इंग्रजी ओ हुबेहूब सारखे होते. मी तीनदा ओ टाकला, चौथ्यांदा शून्य टाकल्यावर दार उघडलं. काही जुन्या राउटरांत युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’ हाच शब्द असतो, इंग्रजी लहान लिपीत. सारखं चुकलं तर काही राउटर थोडा वेळ कुलूप लावून बसतात, तेव्हा घाईने ठोकत राहू नका, पंधरा-वीस मिनिटं थांबा. आणि बसवणाऱ्याने स्टिकरवरचा पासवर्ड बदलला असेल तर तो तुमच्या कंपनीच्या तक्रार नंबरावर मागा. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, विचारायला संकोच कसला?

गूगलची यादी का येते, तेही सांगते. यात तीन-चार खाचा आहेत.

पहिली आपली मराठी माणसांची खास आहे. फोनचा कळफलक मराठीवर असेल तर आकडे देवनागरीत उमटू शकतात. इथे मी पत्ता मराठी आकड्यांत छापते आहे, पण ब्राउझरला तो इंग्रजी आकड्यांतच कळतो. देवनागरी आकडे दिसले की त्याला वाटतं तुम्ही काहीतरी शोधता आहात. म्हणून आधी कळफलक इंग्रजी करा.

दुसरी, पत्ता फोनच्या पहिल्या पानावरच्या शोधपट्टीत टाकू नका. ब्राउझर उघडा आणि अगदी वरच्या पत्त्याच्या पट्टीत टाका. मधे फक्त टिंब, स्वल्पविराम नाही, मोकळी जागा नाही, पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नाही. एकच्या जागी इंग्रजी एल अक्षर पडणं ही सर्रास होणारी चूक आहे. आणि शोधयादीत ‘राउटर मदत’ म्हणून कुणाचा फोन नंबर दिसला तर तो लावू नका. तुमचं पान तुमच्याच घरातल्या डब्यात आहे, त्यासाठी बाहेरच्या कुणाची गरज नाही.

तिसरी, फोन त्याच वायफायवर आहे ना ते बघा आणि मोबाइल डेटा तेवढ्यापुरता बंद करा. वायफायवर इंटरनेट नसलं की फोन मुकाट्याने मोबाइल डेटावर जातो, आणि मग घरातलं पान सापडत नाही. गंमत अशी की इंटरनेट पूर्ण बंद असलं तरी हे पान उघडतं. ते बाहेरून येतच नाही.

चौथी, पत्ता सगळीकडे १९२.१६८.१.१ नसतो. कुठे १९२.१६८.०.१ असतो, कुठे आणखी तिसराच. अंदाजाने टाकण्यापेक्षा फोनलाच विचारा. ॲन्ड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये वायफाय, मग जोडलेल्या नावाशेजारचं दातेरी चाक. तिथे ‘गेटवे’ समोर जो आकडा असेल तो तुमचा पत्ता. आयफोनवर त्याच जागी निळा ‘आय’ दाबला की ‘राउटर’ समोर दिसतो. विंडोज संगणकावर काळी कमांड खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत टाका, ‘डिफॉल्ट गेटवे’ची ओळ वाचा.

पान उघडताना ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणून इशारा देईल. बहुतेक घरगुती राउटरांचं पान साध्या एचटीटीपीवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद न करता, चालतं, म्हणून तो इशारा येतो. तुमच्याच वायफायवर, तुमच्याच डब्याचा पत्ता टाकला असेल तर पुढे जायला हरकत नाही.

आत गेलात की सगळ्यात आधी तिजोरीची किल्ली बदला, म्हणजे ॲडमिन पासवर्ड. तो ‘सिस्टिम’, ‘मॅनेजमेंट’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ अशा नावाखाली असतो. भाडेकरूंकडे वायफाय होतं म्हणजे या पानापर्यंत तेही पोहोचू शकत होते, आणि स्टिकरवरचा पासवर्ड राउटर हातात घेणाऱ्या कुणालाही वाचता येतो. त्या मुलांवर शंका घेत नाही हो, पण तुमच्या घराची व्यवस्था तुमच्या हातात हवी.

मग ‘वायरलेस’मध्ये जाऊन वायफायचा पासवर्ड बदला. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असू द्या. यादीत डब्ल्यूईपी दिसलं तर त्याला हात लावू नका, ते २००१ पासून फोडता येतं. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा आकडी पिनने झटपट जोडायची सोय, चालू असेल तर बंद करा. त्यातल्या आकडी पिनमधली खोट २०११ मध्ये उघड झाली आहे. पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरांचा लागतो, पण आठवर थांबू नका. घरातले एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन लिपीत सलग लिहा: पाटा, चिंच, सुरसागर, मंगळवार, अशा धर्तीचे. हेच चार घेऊ नका, हे आता छापून आले. नातवाचं नाव आणि जन्मसाल तर मुळीच नको, ते सगळ्या पोळीला, म्हणजे गल्लीला, ठाऊक असतं.

‘सेव्ह’ केल्याबरोबर तुमचाच फोन तुटेल. घाबरू नका, नवा पासवर्ड देऊन परत जोडा. टीव्ही, सौंचा टॅब, प्रिंटर, कॅमेरा असेल तर तो, सगळ्यांना एकेकदा नवा पासवर्ड द्यावा लागेल. म्हणून हे काम सकाळी निवांत करा, संध्याकाळी मालिकेच्या वेळी नको.

भाडेकरूंसाठी याच पानात ‘गेस्ट नेटवर्क’ शोधा. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. साधारणपणे त्यावरच्या माणसाला इंटरनेट मिळतं, पण तुमचा प्रिंटर, संगणक आणि हे सेटिंग्जचं पान दिसत नाही. मुलं बदलली की फक्त तोच पासवर्ड बदलायचा, तुमच्या टीव्हीला धक्का लागत नाही. तुमच्यासारख्या घराला याच्याइतकी उपयोगी सोय दुसरी नाही.

जोडलेल्या उपकरणांची यादीही एकदा बघा. विचित्र नावं असतात, अर्धी ओळखू येत नाहीत. मी काय केलं, घरातली एकेक वस्तू बंद करत गेले आणि यादीतून कोण गळतं ते बघत वहीत लिहीत गेले. टीव्ही, फोन, मुलाचा लॅपटॉप, असं करता करता एक नाव उरलं. अर्धा तास जिवाला घोर. शेवटी ते माळ्यावर टाकलेल्या जुन्या फोनचं निघालं, चार्जरला लावून विसरलेला.

वरच्या खोल्यांत सिग्नल कमी येतो का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण दांडिया बाजारातल्या वाड्यांच्या भिंती मला माहीत आहेत. जाड विटांच्या भिंतीत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल लवकर दमतो, २.४ चा जरा लांब जातो. राउटर लोखंडी कपाटामागून काढून जिन्याजवळ, उंचावर ठेवा. आधी तेवढं करून पाहा.

आणि शेवटी दोन्ही पासवर्ड आणि जोडणीचं युजरनेम एका कागदावर लिहून घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये लावा. सौंना ती फाइल दाखवून ठेवा.

प्रश्न: मी मांजलपूरला राहते, बहीण कारेलीबागेत. दोघींच्या राउटरचा पत्ता अगदी एकच आहे. मग माझं पान उघडताना तिचं कसं उघडत नाही? आणि तिच्या घरी बसून मला माझा पासवर्ड बदलता येईल का?

उत्तर: ताई, प्रत्येक घरात माजघर असतं, पण पोस्टमन ‘माजघर’ एवढ्याच पत्त्यावर पत्र देऊ शकत नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते तसेच घरातल्या घरात वापरायचे आहेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये असे तीन गट खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत, म्हणूनच लाखो घरांत तोच आकडा सुखाने नांदतो. याची गरज पडली कारण इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच पत्ते होतात. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. राउटर घरातल्या सगळ्या फोनांना बाहेर एकाच पत्त्यामागे उभं करतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला पोहोचवतो.

त्यामुळे कारेलीबागेत बसून तो आकडा टाकलात तर बहिणीचं पान उघडेल, तुमचं नाही. बाहेरून सेटिंग्ज बदलण्याची सोय काही राउटरांत ‘रिमोट मॅनेजमेंट’ नावाने असते. ती चालू केली की दार तुमच्यासाठीच नव्हे, जगासाठी उघडतं. मी ती बंद ठेवायलाच सांगेन. मांजलपूरला परत गेलात की त्या पानावर बघा, आणि चालू दिसली तर बंद करून सेव्ह करा.