दूध का सोसत नाही? वाचकांचे प्रश्न

मोठ्या माणसाला दूध न पचणं हा आजार नाही, उलट पचणं हीच माणसाच्या इतिहासातली अलीकडची नवलाई आहे, असं मागच्या खेपेला ओघात लिहून गेलो. त्यावर पत्रांचा ढीग आला. आपल्या भागात दारात म्हैस आणि डेअरीच्या वहीत नाव असलेल्या घरात 'मला दूध सोसत नाही' म्हणायची चोरी आहे, हे त्या पत्रांतून चांगलंच दिसतं. काही पत्रं रागाचीही आहेत. नावं गाळून निवडक प्रश्न घेतो.

लहानपणी तांब्याभर दूध एका दमात प्यायचो. आता चाळिशी ओलांडली, तर कपभर घेतलं की तासाभरात पोट गुडगुडतं, गुबारा धरतो. घरच्याच म्हशीचं दही मात्र वाटीभर खातो, काही होत नाही. हल्लीची पेंड, औषधं यामुळे दूध बिघडलंय का? (विटा)

पेंडीला एवढ्यात फाशी देऊ नका. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. म्हैस तीच, पेंड तीच, दूधही तेच. विरजण लावलं की सोसतं आणि नुसतं सोसत नाही. म्हणजे विरजणानं जे कमी होतं, त्यातच गोम आहे. ती गोम म्हणजे लॅक्टोज, दुधातली साखर. म्हशीच्या दुधात ती शंभरात पाचेक भाग असते, गाईच्या दुधात किंचित कमी.

ही साखर आहे तशी रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करतं, मग ते शोषले जातात. वासरू असो, पिल्लू असो की माणसाचं लेकरू, जन्मताना हे विकर भरपूर असतं. अंगावरचं दूध सुटलं की ते कमी होत जातं. सस्तन प्राण्यांचा हा सर्वसाधारण नियम, आणि जगातल्या साधारण दोनतृतीयांश मोठ्या माणसांनाही तो लागू आहे. विकर कमी पडलं की साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथे ती पाणी ओढून घेते, जिवाणू तिच्यावर ताव मारतात, हायड्रोजनसारखे वायू तयार होतात. तुमची गुडगुड ती.

मग चाळिशीतच का? तुमचं विकर बहुधा शाळेच्या वयातच उतरलं असणार. पण त्रास व्हायला विकराखेरीज आणखी गोष्टी लागतात: एका वेळी किती प्यालात, उपाशीपोटी की जेवणासोबत, आतड्यातले जिवाणू कोणते, मध्यंतरी पोटाचं दुखणं झालं का. पूर्वी निभावलं, आता निभावत नाही. मात्र वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा रात्री पोटदुखीनं जाग येत असेल, तर दुधावर ठपका ठेवून घरी बसू नका; डॉक्टरांना दाखवा.

दह्याबद्दल आणखी थोडं. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग खाऊन त्याचं आम्ल करतात, म्हणून दही आंबट. पण निम्म्याहून जास्त साखर दह्यात उरतेच. खरी गंमत पुढे आहे. या जिवाणूंजवळ स्वतःचं लॅक्टेज असतं. जठरातल्या आम्लातून ते आपल्या कवचात सुखरूप पार होतं आणि लहान आतड्यात पोचल्यावर आपलं काम करतं. म्हणजे दही स्वतःला पचवायची सामग्री सोबत घेऊनच येतं. यातून एक बारकावा निघतो: ताक प्यालात तर हा फायदा मिळतो, त्याच ताकाची कढी उकळलीत तर जिवाणू मरतात, विकर बिघडतं आणि फायदा जातो. तरी कढी बहुतेकांना सोसते, कारण तिच्यात पाणी आणि बेसन जास्त, दुधाची साखर थोडी.

मी एकोणीस वर्षांचा, तालमीत जातो. पहाटेच्या मेहनतीनंतर लिटरभर निरसं दूध घेतो. पोट बिघडतं, पण वस्ताद म्हणतात सवय लाव, आपोआप पचेल. हे खरं का? (कराड तालुका)

अर्धं खरं. रोज पिऊन आतड्यात नवं लॅक्टेज उगवत नाही, ते जनुकाच्या हातात आहे. पण रोज थोडं थोडं दूध जात राहिलं तर मोठ्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती बदलते. साखर मुकाट्यानं पचवणारे वाढतात, वायू कमी होतो. आठ-दहा दिवसांत असा फरक पडलेला प्रयोगांत दिसला आहे. तेव्हा वस्तादांचा अनुभव खोटा नाही, कारण वेगळं आहे.

तुझी अडचण मापाची आहे. लिटरभर म्हशीच्या दुधात ५० ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं. पचन तपासायला उपाशीपोटी लॅक्टोजचं पाणी पाजून श्वासातला हायड्रोजन मोजतात, त्यात २५ ते ५० ग्रॅम देतात. म्हणजे तपासणीचा भरगच्च डोस तू रोज पहाटे घेतोयस! विकर कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅम, म्हणजे पेलाभर दुधातलं लॅक्टोज, फारसा त्रास न होता चालतं. तेव्हा लिटरचे चार भाग कर, खाण्यासोबत घे, दोन भाग दह्याचे कर. पनीरही चालेल, त्यातली बरीचशी साखर निवळीबरोबर निघून जाते.

आणि निरसं नको. कच्च्या दुधात पचवायला मदत करणारं वेगळं काही नसतं. जनावराला रोग असेल तर ब्रुसेलोसिस किंवा क्षय मात्र त्यातून येऊ शकतो. उकळ आणि पी.

तुझं गाव कराडकडचं, म्हणून सांगतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली ज्या हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, त्याच फिनलंडच्या कुटुंबांचा अभ्यास करून संशोधकांनी २००२ साली दूध पचवणाऱ्या जनुकीय बदलाचा नेमका ठिकाणा शोधला. योगायोगच, पण मला आवडतो.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खिल्लार जनावरं पाळणारे. आपले पूर्वज हजारो वर्षं दूधदुभत्यावर जगले. उत्क्रांती खरी असेल तर आम्हाला दूध पचायलाच हवं होतं. (आटपाडी)

सगळ्यात कसदार प्रश्न हा, आणि यात गृहीत धरलेली गोष्ट काही वर्षांपूर्वीपर्यंत शास्त्रज्ञही धरून चालले होते: जनावरं पाळली, दूध प्यालं, ज्यांना पचलं ते टिकले. सरळ हिशेब. पुरावा आला तेव्हा तो एवढा सरळ निघाला नाही.

मातीच्या भांड्यांना छिद्रं असतात आणि त्यांत शिजवलेल्या पदार्थाची चरबी हजारो वर्षं मुरून राहते. ती दुधाची की मांसाची हे रसायनशास्त्रानं ओळखता येतं. ब्रिस्टल विद्यापीठाच्या पुढाकारानं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साडेपाचशेहून अधिक स्थळांवरच्या खापरांतले सुमारे सात हजार चरबीचे अंश तपासले. युरोपात दुधाचा वापर नऊ हजार वर्षांपासून दिसतो. जुन्या हाडांतल्या डीएनएमध्ये मात्र दूध पचवणारा बदल सर्रास दिसू लागतो तो इसवीसनपूर्व १००० च्या आसपास. मधली हजारो वर्षं माणसं दूध वापरत होती आणि बहुतेकांना ते पचवायचं विकर मोठेपणी नव्हतं. पोलंडमध्ये सात हजार वर्षांपूर्वीची भोकं पाडलेली मडकी मिळाली आहेत, दुधाच्या चरबीसकट. चीज गाळायची चाळण ती. जनुकाआधी चूल धावून आली.

आपल्याकडेही तेच. कच्छमधल्या कोटडा भाडलीच्या हडप्पाकालीन वस्तीत, इसवीसनपूर्व २५०० च्या सुमाराच्या खापरांत, दुधाचे अंश सापडले. दूध वापरात होतं, एवढं नक्की.

मग हा बदल नंतर एवढा पसरला कशानं? ब्रिस्टलच्या त्याच अभ्यासाचा कयास दुष्काळाकडे आणि रोगराईकडे बोट दाखवतो. सुगीत दूध न पचणं म्हणजे पोट गुडगुडणं, पुढे काही नाही. आजच्या ब्रिटनमध्येही हा बदल नसलेले लोक असलेल्यांच्या जवळजवळ बरोबरीनं दूध पितात आणि ठणठणीत असतात. पण पीक गेलं, खायला दुसरं काही नाही, आधीच अंग खंगलेलं, आणि त्यात दुधानं जुलाब झाले तर माणूस दगावतो. असे दुष्काळ पुन्हा पुन्हा आले की ज्यांना दूध पचतं त्यांचीच पोरं जास्त उरतात. माणदेशातल्या माणसाला दुष्काळ समजावून सांगायची गरज नाही. पण उरणं आणि न उरणं एका पेलाभर दुधावर ठरतं, ही कल्पना मला अजूनही अंगावर येते.

आता तुमच्या घराण्याचं. भारतात दूध पचवणारा जो बदल प्रामुख्यानं सापडतो तो युरोपातलाच, एकाच मूळचा. वायव्येकडे त्याचं प्रमाण जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे ते घटत जातं. गुज्जरांसारख्या पशुपालकांत ते जास्त आहे. निलगिरीतले म्हशी पाळणारे तोडा दक्षिणेत राहूनही ठळक अपवाद. म्हणजे नुसती जनावरं पाळून भागत नाही, ताजं दूध किती पोटात जात होतं हे महत्त्वाचं. आणि खिल्लार हे शेतीच्या नि ओढकामाच्या बैलांचं वाण. खिल्लार गाय किती दूध देते ते मी तुम्हाला काय सांगायचं! वासरू पिऊन उरलं त्याचं दही-ताक, लोण्याचं तूप. तुपात लॅक्टोज नावापुरतंही नसतं. अशा घरात मोठेपणी लॅक्टेज नसल्यानं कुणाचं काही अडलं नसणार. मंगोलियात तर बहुतेक मोठ्या माणसांत हा बदल नाही, तरी घोडीच्या आंबवलेल्या दुधापासून सुकवलेल्या दह्यापर्यंत त्यांच्या जेवणात दुधाचा वाटा मोठा.

आम्ही सख्खे भाऊ, एका ताटात जेवून वाढलो. त्याला दूध पचतं, मला नाही. असं कसं? (इस्लामपूर)

या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. बदल झालेली एक प्रत आली तरी दूध पचतं. आईवडिलांकडे अशी एकेकच प्रत असेल तर त्यांना दोघांनाही दूध पचेल, पण चारातल्या एका मुलाच्या वाट्याला ती न येण्याची शक्यता राहते. भावाशी भांडू नका.

देशी गाईचं 'ए-टू' दूध दुप्पट दरानं घेते. त्यानं दूध पचायला लागतं म्हणतात. (सांगली)

ए-वन आणि ए-टू हा फरक बीटा-केसीन या प्रथिनातला आहे, तोही साखळीतल्या ६७ व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाचा. लॅक्टोज दोन्हींत सारखंच. तुमचा त्रास लॅक्टोजचा असेल तर दुप्पट पैसे देऊन तीच साखर घरी येते. शिवाय म्हशीचं दूधही ए-टूच असतं, मग पिशवीवर ते कुणी मोठ्या अक्षरांत का छापत नाही? अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑगस्ट २०२४ मध्ये हे दावे काढायला सांगितले आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागेही घेतला. चवीसाठी किंवा देशी गाय टिकावी म्हणून घेत असाल तर जरूर घ्या.

माणसाची उत्क्रांती कधीच थांबली, असं वर्गात ऐकलं होतं. आणि ज्यांना दूध पचतं ते जास्त उत्क्रांत का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मिरज)

थांबलेली नाही, आणि दुधाइतका चांगला दाखला शोधून मिळणार नाही. बदल होतो तो लॅक्टेजच्या जनुकात नव्हे, त्याच्या अलीकडे डीएनएच्या सुमारे १४ हजार अक्षरांवर, शेजारच्या जनुकाच्या पोटात. तिथे विकर चालू-बंद करणारी कळ आहे. एक अक्षर बदललं की कळ मोठेपणीही चालूच राहते. युरोप-भारतात १३,९१० व्या जागेचं अक्षर बदललं, अरबस्तानात उंट पाळणाऱ्यांत १३,९१५ व्या, तर केनिया-टांझानियात १४,०१० व्या. एकमेकांचा पत्ता नसलेल्या लोकांत तीच कळ निरनिराळ्या अक्षरांनी अडकली. तिबेटी लोकांना विरळ हवेत जगू देणारा जनुकप्रकार तर डेनिसोव्हन या नामशेष मानवाकडून आलेला.

'जास्त उत्क्रांत' मात्र खोडून टाक. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं जनुक बघ: एक प्रत मलेरियापासून वाचवते, दोन प्रती आल्या की आयुष्यभराचं दुखणं. नंदुरबार-गडचिरोलीकडे हे रोजचं वास्तव आहे. बदल कुठे, कधी, कशाशी गाठ घालून आला, यावर त्याची किंमत ठरते.

नातवाला जुलाबानंतर दूध बंद करायला सांगितलं. त्याला कायमचंच पचणार नाही का? (तासगाव)

नाही. जुलाबात आतड्याचं अस्तर सोलवटतं, त्यासोबत लॅक्टेजही जातं. अस्तर भरून आलं की तेही परततं, बहुधा काही आठवड्यांत. पुन्हा कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारा. अंगावर पिणारं बाळ असेल तर आईचं दूध सहसा बंद करत नाहीत. दूध पोटात जाताच अंगावर गांधी उठत असतील किंवा धाप लागत असेल, तर तो प्रथिनाच्या ॲलर्जीचा मामला. तो वेगळा आणि जास्त गंभीर.

दूध सोसत नाही, पण कंदी पेढे दोन-तीन सहज जातात. मग दूध सोसत नाही हे मनाचेच खेळ का? (सातारा)

मनाचे नव्हेत, मापाचे. खव्यात दूध आटतं तसं लॅक्टोजही दाटतं, म्हणून तोळ्याला तोळा लावला तर पेढ्यात ते दुधापेक्षा जास्त. पण पेढा केवढा आणि पेला केवढा! दोन पेढ्यांतलं लॅक्टोज पेलाभर दुधाइतकं भरत नाही, शिवाय खव्यातल्या स्निग्धांशामुळे ते जठरातून सावकाश खाली उतरतं. बासुंदीची गोष्ट वेगळी. ती वाटीनं पोटात जाते. लग्नाच्या पंगतीत ती जेवणासोबत घ्या, आणि आग्रह करत दुसऱ्यांदा वाढायला आले की वाटीवर हात आडवा धरा.