बाळाचे मूत्रपिंड आणि रक्तदाबाची गोळी

प्रश्न : माझ्या सुनेला काही वर्षांपासून उच्च रक्तदाबासाठी रामिप्रिल सुरू होते. मूल हवे आहे असे सांगताच डॉक्टरांनी ती गोळी बदलून लॅबेटॅलॉल दिले. आधीच्या गोळीने गर्भाच्या मूत्रपिंडाला इजा होते आणि रॅटच्या पिल्लांवरील प्रयोगांतही ते दिसले आहे, असे ते म्हणाले. मधुमेहींचे मूत्रपिंड जपण्यासाठी हीच गोळी देतात ना? मग ती गर्भाला घातक कशी? आणि उंदरावरून माणसाचे अनुमान कसे काढता येते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण ऐकलेले दोन्ही खरे आहे. रामिप्रिलमुळे शरीरात अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक कमी तयार होते. मोठ्या माणसात हे संप्रेरक रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि मूत्रपिंडातील गाळणीवरचा दाब वाढवते, म्हणून ते कमी झाले की मूत्रपिंडाला आराम मिळतो. परंतु कोणतेही संप्रेरक पेशीवर ज्या ग्राही रेणूला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटते त्याच्यामार्फतच काम करते, आणि गर्भाच्या मूत्रपिंडात हे ग्राही निराळ्या जागी, निराळ्या प्रमाणात असतात. अँजिओटेन्सिन-२ चे एटी-१ आणि एटी-२ असे दोन मुख्य ग्राही आहेत. एटी-२ हा ग्राही गर्भावस्थेत विपुल असतो व जन्मानंतर झपाट्याने कमी होतो. एटी-१ मात्र आयुष्यभर राहतो. घडणाऱ्या मूत्रपिंडात एटी-१ चे काम रक्तदाबापुरते नसून बांधणीचेही असते.

ही बांधणी पाहायला रॅटचे पिल्लू फार सोयीचे, कारण सुमारे २२ दिवसांच्या गर्भावस्थेनंतर ते जन्मते तेव्हा त्याचे मूत्रपिंड अपुरेच असते आणि नवे नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून मूत्र बनवणारे सूक्ष्म घटक, पुढे आठवडाभर तयार होत राहतात. माणसात हे काम गर्भाच्या ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत पोटातच पुरे होते. त्यामुळे आईला मध्ये न आणता थेट पिल्लाला रामिप्रिलसारखे औषध देऊन परिणाम पाहता येतो. अशा पिल्लाचे मूत्रपिंड उभे कापले, तर आतल्या बाजूचे जे शंकूसारखे टोक मूत्र गोळा होण्याच्या पोकळीत उतरलेले असायला हवे, ते खुरटलेले किंवा नाहीसेच झालेले दिसते. धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि मोठेपणीही मूत्र नीट घट्ट करता येत नाही. तेच औषध मूत्रपिंड पूर्ण झाल्यावर सुरू केले, तर ही विकृती येत नाही.

हा दोष औषधाच्या इतर गुणधर्मांचा नाही, हे माऊस या रॅटहून लहान उंदरावरील कामाने स्पष्ट झाले. या प्राण्यांत एटी-१ ची दोन जनुके असतात, माणसात एकच. १९९८ साली ही दोन्ही जनुके काढलेल्या माऊसच्या मूत्रपिंडातही ते टोक खुरटलेले आढळले. मूत्र पुढे ढकलणारे स्नायू नीट तयार न झाल्याने ते तुंबते आणि टोकावर दाब येतो, हे त्यामागचे एक कारण आहे.

आपली शंका रास्त आहे, पण येथे केवळ उंदरांवर विसंबलेले नाही. रामिप्रिलसारखी औषधे वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. चौथ्या महिन्यापासून पुढे ती घेतल्यास गर्भाची लघवी कमी होते, गर्भजल आटते आणि त्यामुळे फुप्फुसेही नीट वाढत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९२ मध्येच याबद्दल ठळक इशारा दिला. अँजिओटेन्सिन-२ तयार करणाऱ्या आणि त्याचे काम घडवणाऱ्या साखळीतील जनुके जन्मतः बिघडलेल्या बाळांतही मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका नीट तयार होत नाहीत. लोसार्टन, टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची औषधे एटी-१ लाच अडवत असल्याने तीही गरोदरपणात टाळतात. सूनबाईंचे औषध वेळेवर बदलले गेले, याचे फार समाधान वाटते; मात्र नवी गोळी स्वतःहून बंद करू नये, कारण अनियंत्रित रक्तदाबही गर्भाला तितकाच धोक्याचा असतो.

प्रसूतीनंतर जुन्या गोळीकडे परतण्यापूर्वी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मले, तर रॅटच्या पिल्लाप्रमाणेच त्याचे मूत्रपिंड अद्याप घडत असते, आणि आईच्या दुधातून जाणाऱ्या औषधाचा विचार अशा बाळासाठी वेगळा करावा लागतो.