‘कॉक्स’, कॉख आणि आपला स्वयंपाक

प्रश्न असा: डॉक्टर क्षयाला ‘कॉक्स’ म्हणतात, ते ‘कॉकस’ जातीच्या जंतूंवरून का?

अजिबात नाही. कॉकस म्हणजे गोल जंतू. क्षयाचा जंतू काडीसारखा लांबट. ‘कॉक्स’ म्हणजे कॉखचा आजार. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जंतू सापडल्याचं जाहीर केलं. टीबी म्हटलं की घरचे हादरतात, म्हणून केसपेपरवर हे आडनाव. पुढे हेच गृहस्थ १८९७ साली प्लेगच्या तपासासाठी मुंबईत आले होते, पण त्यांच्या नावाचा उच्चार काही आपण शिकलो नाही. शेवटी ‘क’ नाही हो! उर्दूतल्या ‘ख़बर’चा घशातून घासत येणारा ख़ आहे. अमेरिकेत तर त्याचे आणखी हाल: न्यूयॉर्कचे एके काळचे महापौर एड ‘कॉच’, उद्योगपती चार्ल्स आणि डेव्हिड ‘कोक’. १९८५ साली ४०० मीटर ४७.६० सेकंदांत धावलेली पूर्व जर्मनीची मारिता मात्र अस्सल कॉख.

कॉख या आडनावाचा अर्थ सरळ आहे, आचारी. पण खरी मेजवानी पुढेच. जर्मनांनी शब्द लॅटिन ‘कोक्वुस’वरून उचलला, क्रियापद ‘कोक्वेरे’, आणि हा धातू म्हणजे आपल्या ‘पच्’चा सख्खा भाऊ! पाक, पक्व, पिकणे, शेतातलं पीक, स्वयंपाक, सगळं गोत्र एक. प चा क कसा झाला, असं विचारणाऱ्यांनी ‘पंच’ आणि लॅटिनमधला पाच, ‘क्विंक्वे’, शेजारी ठेवून पाहावं. शब्दात पुढे ‘क्व’ आला की लॅटिन आधीच्या प लाही त्या ‘क्व’सारखाच करून घेते. ग्रीकांनी प राखला; औषधाच्या दुकानातलं, अन्न पचवणारं ‘पेप्सिन’ त्याच घरचं.

यावर एका विद्वानांनी ‘कॉख हा संस्कृत पाचकचाच (म्हणजे स्वयंपाक्याचाच) अपभ्रंश’ असं ठोकून दिलंय. भाऊ आणि बाप यातला फरक कळत नसेल त्यांनी व्युत्पत्तीच्या वाटेला जाऊ नये. कोचबिहारच्या कोच जमातीला यात ओढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आता माझा तर्क, पटो न पटो. चूल घरोघरी पेटायची, मग आचारी हे आडनाव मोजक्यांनाच का चिकटलं? घरी रांधणाऱ्या बाईला त्याबद्दल कोण नाव देतो! वाड्यावर, मठात, दुसऱ्यांच्या पंक्तीसाठी रांधणारा बाप्याच ‘कॉख’ झाला असणार. आपल्याकडेही लग्नात पातेली हलवणारा तो ‘आचारी’, आणि रोज पोळ्या लाटणारी नुसती आई.