रॅकेट बदलू की गट?

पाऊस सरला, कोर्टावरचं शेवाळ खरवडून झालं, की आमच्या रत्नागिरीच्या पडवीत टेनिसच्या रॅकेटींची रांग लागते. दसऱ्याला घरची हत्यारं पुजतात त्यात माझं गटिंगचं, म्हणजे रॅकेटीत गट (जाळीच्या तारा) ताणून भरायचं मशीनही असतं. झेंडूचं फूल क्लॅम्पमध्ये अडकवायचं काम नातीकडे. या महिन्याची पत्रंही त्याच हंगामाची आहेत.

प्रश्न : वय 44, चिपळूणला बँकेत आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळतो, बहुतेक डबल्स. बॅकहँड एका हाताचा, त्यातही स्लाइसच जास्त. नऊ वर्षांची जुनी रॅकेट आता बदलायची आहे. बाबोलाट प्युअर ड्राइव्ह, विल्सन ब्लेड 98 आणि विल्सन क्लॅश 100 या तिघींवर येऊन अडकलोय. ग्रॅम, इंच, बॅलन्स, स्विंगवेट वाचून डोकं भणाणलं. खेळून आलो की कोपर ठणकतं, हेही सांगून ठेवतो. कुठली घेऊ?

तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त एक गोष्ट नाही. त्या जुन्या रॅकेटीला शेवटचा गट कधी भरलात? तुटला नाही म्हणून तोच चाललाय, असं असणार. मी पैज लावतो, हरलो तर तुमचं पुढचं गटिंग फुकट.

दोन वर्षांपूर्वी मी एक खोडी केली होती. माझ्याकडे एकाच मॉडेलच्या, एकाच वजनाच्या दोन रॅकेटी आहेत. एकीत मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांचा मऊ गट) भरला, दुसरीत पॉलिएस्टर (एकसंध, ताठ तार), दोन्ही 52 पाउंडांच्या ताणावर. रविवारी सकाळच्या आमच्या चौकडीला काही न सांगता दोन्ही दिल्या. तिघांनीही सांगितलं की या वेगवेगळ्या रॅकेटी आहेत. एक तर ठासून म्हणाला, "काका, ही दुसरी जड आहे, माझ्यासारख्याला नाही झेपायची." आमच्या मार्करने (क्लबात पगारावर सोबत खेळणारा) मात्र दोन्हींच्या तारांवर बोट वाजवून पाहिलं आणि हसून परत दिल्या. फ्रेमचे म्हणून आपण जे गुणदोष सांगतो, त्यातले निम्मे गटाचे असतात.

पॉलिएस्टर हे कोपरांच्या तक्रारींचं मोठं कारण. 1997 साली गुस्ताव्हो क्युर्टेन जागतिक क्रमवारीत 66वा असताना पॉलिएस्टर गटावर फ्रेंच ओपन जिंकला, आणि पाहता पाहता सगळे व्यावसायिक तिकडे वळले. त्यांना त्यातून फिरकी मिळते, कारण चेंडू लागताना तार बाजूला सरकते आणि झटकन जागेवर येते. पण ते लोक दर सामन्याला नवा गट वापरतात. आपण तोच वर्ष वर्ष ठेवतो. मेलेला पॉलिएस्टर तुटत नाही, नुसता लाकडासारखा होतो आणि प्रत्येक फटक्याचा दणका सरळ कोपरात पाठवतो. तीन दिवस खेळणाऱ्याने वर्षातून तीनदा गट बदलावा, असा जुना हिशेब आहे. पॉलिएस्टर असेल तर त्याहून लवकर, तुटण्याची वाट न बघता कात्रीने कापून टाकायचा.

म्हणून आधी जुन्या रॅकेटीत मल्टिफिलामेंट भरून घ्या, 50 पाउंडांच्या आसपास. तीन आठवडे खेळा. मग ठरवा, रॅकेट नकोशी झाली होती की गट. कोपर तरीही ठणकत राहिलं तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा, दुकानात नंतर.

आता त्या तिघींकडे वळू. दुकानात लिहिलेलं वजन गटाशिवायचं असतं: प्युअर ड्राइव्ह 300 ग्रॅम, ब्लेड 305, क्लॅश 295. गटाचे पंधराएक ग्रॅम आणि ओव्हरग्रिपचे (मुठीवर गुंडाळायच्या पट्टीचे) पाच धरा, म्हणजे हातात येते ती तीनशे पंधरा ते सव्वातीनशेच्या घरातली वस्तू. तिघींमधला दहा ग्रॅमचा फरक तुम्हाला जाणवेलच असं नाही. जाणवतं ते वजन कुठे आहे ते.

हे समजायला कोकणातल्या माणसाला पुस्तक नको. झेल्याने आंबे काढलेत ना? बांबूच्या टोकाच्या जाळीत दोन आंबे पडले की मनगट भरून येतं. तेच दोन आंबे हाताजवळच्या पिशवीत असते तर पत्ताही लागला नसता. स्विंगवेट म्हणतात ते हेच. हातापासून लांबीच्या वर्गाच्या पटीत ते वाढतं, म्हणून रॅकेटीच्या माथ्यावर दोन ग्रॅमची शिशाची पट्टी चिकटवली तरी सर्व्हिस करताना कळते, आणि तीच मुठीत चिकटवली तर काहीच होत नाही. दोन रॅकेटींचं वजन अगदी सारखं असूनही एक चपळ आणि एक सुस्त वाटते ती यामुळे.

घरी बघायचं असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि स्टीलची पट्टी पुरते. 27 इंची रॅकेट म्हणजे 68.6 सेंटिमीटर, मध्य 34.3वर. पट्टी उभ्या धारेवर धरून रॅकेट तिच्यावर आडवी तोला आणि मुठीच्या बुडापासून किती सेंटिमीटरवर तोल सांभाळला जातो ते मोजा. 32-33वर राहिली तर हाताकडे झुकलेली, नेटजवळ झटपट फिरणारी. 34.3 ओलांडलं तर माथा जड. मागे उभं राहून ढकलायला बरी, व्हॉलीला उशीर करणारी. तुमच्यासारख्या डबल्सवाल्याने मी म्हणेन 33च्या पुढे जाऊ नये.

98 आणि 100 चौरस इंच, म्हणजे माथ्याच्या आकारावर तुम्ही पत्रात अर्धं पान खर्चलंय. तो फरक सोडून द्या. बघायचा तो ताठपणा आणि कडेची जाडी. प्युअर ड्राइव्हची कड सर्वांत जाड जागी 26 मिलिमीटर आहे, ब्लेडची 21. जाड आणि ताठ फ्रेम चेंडू लागताना वाकत नाही, त्यामुळे फुकटचा जोर देते, दणकाही देते. ब्लेड पातळ, मऊ, तिच्यावर स्लाइस लोण्यासारखा निघतो, पण जोर तुमचा तुम्ही आणायचा. क्लॅश तिघींत सर्वांत लवचिक. पहिल्या दिवशी तुमचे दोन-चार चेंडू बेसलाइनबाहेर जातील, तेव्हा शिव्या न देता दोन पाउंड ताण वाढवा.

तुमच्या कोपराकडे बघून प्युअर ड्राइव्ह मी यादीतून काढतो. उरलेल्या दोन उसन्या मिळवा. मुंबई-पुण्यात खेळाच्या काही दुकानांत अनामत भरून काही दिवस वापरायला देतात. आपल्याकडे क्लबात कुणी ना कुणी ती रॅकेट वापरत असतोच, त्याला चहा पाजा. मात्र दोन्हींत गट सारखा आणि ताण सारखा हवा, नाहीतर माझ्या चौकडीसारखी तुमचीही फसगत होईल. चेंडूही तेच. नव्या डब्यातल्या चेंडूवर कुठलीही रॅकेट गोड लागते.

आणि नॉकिंग करून, म्हणजे गुण न मोजता नुसते चेंडू मारून, निकाल देऊ नका. पहिली पंधरा मिनिटं हात ताजा असतो, नवी वस्तू हातात असल्याची हुरळही असते. एक अख्खा सेट खेळा आणि दुसऱ्या सेटमध्ये, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला असताना, दर दोन गेमांनी रॅकेट बदला. पलीकडच्याला फक्त एवढंच सांगायला सांगा, की कुठलीचा चेंडू आखूड पडतोय. थकलेल्या हातात जिची दुसरी सर्व्हिस अजून बॉक्समध्ये पडते, ती तुमची.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. रॉजर फेडरर 90 चौरस इंचाची वापरायचा त्या काळात मी मुंबईला जाऊन तशीच आणली होती, गटासकट साडेतीनशे ग्रॅमच्या वर. दोन मोसम खांदा शेकत बसलो, पण कोर्टावर तीच काढायची, कारण लोक बघायचे. 2014च्या मोसमात फेडररच 97वर गेला. माझी माळ्यावर आहे.

प्रश्न : मुलगी 10 वर्षांची, आम्ही सावंतवाडीला असतो. दुकानदार म्हणाला, पूर्ण 27 इंची घ्या, मुलं काय भराभर वाढतात. तिला फार जड होतेय असं वाटतं, पण ती तसं म्हणत नाही.

ताई, ती म्हणणार नाही. नवी रॅकेट परत जाईल ही भीती जड रॅकेटीपेक्षा मोठी असते.

शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतात, चप्पल घेत नाहीत. रॅकेट चपलेतली. मुलीला सरळ उभी करा, हात शरीरालगत खाली सोडायला सांगून त्यात रॅकेट द्या. माथा जमिनीला जेमतेम पोचावा किंवा थोडा वर राहावा. तो जमिनीवर टेकून मनगट वर मुडपत असेल तर लांबी जास्त आहे. 10 वर्षांच्या मुलीला बहुधा 25 किंवा 26 इंची लागेल. 27 इंची आता कपाटात ठेवा, दोन-तीन वर्षांत लागेलच.

आणखी एक काम करा, ते रॅकेटीहून महत्त्वाचं आहे. तिच्या कोचना विचारा की पिवळा चेंडू वापरताय का. हिरव्या ठिपक्याचा चेंडू मिळतो, तो साधारण पाव हिश्शाने संथ असतो आणि कमी उसळतो. 2012पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार 10 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू चालत नाही. नेहमीचा चेंडू एवढ्या मुलांच्या डोक्यावरून जातो, मग ती मागे सरकून, वाकडी होऊन मारतात, आणि ती सवय पुढे मोडायला कोचचा जीव जातो.

प्रश्न : देवगडला समुद्राला लागून राहतो. नैसर्गिक गट हाताला सर्वांत चांगला असं सगळीकडे वाचलं. महाग आहे, पण घेईन म्हणतो. चालेल का?

हाताला चांगला, यात वादच नाही. ताणही सर्वांत जास्त दिवस धरतो. पण तो गाईच्या आतड्यापासून करतात, आणि ओल त्याला सोसत नाही. जून ते सप्टेंबर देवगडला मिठाचा डबा उघडा ठेवला तर काय होतं ते तुमच्या घरात कुणालाही विचारा. तार पिंजते, सुटे धागे निघतात, आणि एके दिवशी काहीच न मारता तट्‌कन जाते. दिवाळीनंतर भरा, मेपर्यंत हौस भागवा. पावसाळ्यात मल्टिफिलामेंट.

आणि मे महिन्यात रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवत असाल तर मग कुठलाही भरा, काही उपयोग नाही. उष्णतेने ताण उतरतो.

प्रश्न : घाम फार येतो, रॅकेट हातात फिरते. ग्रिप जाड करू का? (अलिबाग)

जाडी आणि घाम या दोन वेगळ्या तक्रारी. आधी माप बघा : रॅकेट नेहमीसारखी धरली की बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा उंचवटा यांच्यात दुसऱ्या हाताची करंगळीशेजारची नव्हे, अंगठ्याशेजारची तर्जनी अलगद मावली पाहिजे. मावतच नसेल तर ग्रिप बारीक, फार मोकळी राहत असेल तर जाड. पुढचं माप आठवा भाग इंचाने वाढतं. एक ओव्हरग्रिप साधारण त्याच्या निम्म्याने वाढवते. माप बरोबर असेल तर चिकट ओव्हरग्रिप सोडा आणि कोरड्या प्रकारची घ्या, ती ओली झाली की जास्त धरते. तासाभरात बदलावी लागली तरी बदला. ती स्वस्त असते.

प्रश्न : मालवणच्या घरी आजोबांची लाकडी डनलॉप मॅक्सप्लाय सापडली, लाकडी चौकटीच्या प्रेससकट. प्रेसचा एक विंग नट हरवलाय. हिच्याने खेळता येईल का?

तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो. 1981च्या विम्बल्डन फायनलमध्ये मॅकेन्रोने बोर्गला हरवलं ते मॅक्सप्लायनेच, आणि जाळीपलीकडे बोर्गच्या हातातही लाकूडच होतं. आजच्या 100 इंचाच्या मानाने हिचा माथा 70 चौरस इंचांच्याही आतला. मध्यावर लागला तर असा आवाज येतो की ग्रॅफाइट विसराल, इंचभर सरकला तर मनगट झिणझिणतं.

आधी ती वाकली आहे का बघा. टेबलाच्या काचेवर सपाट ठेवून माथा चारही बाजूंनी टेकतो का पाहा. प्रेस याचसाठी असायचा. पावसाळ्यात आमच्याकडे प्रेसशिवाय ठेवलेली रॅकेट गणपतीपर्यंत पापडासारखी वळायची. टेकत नसेल तर भिंतीवर लावा. टेकत असेल तर जुना गट हळूहळू, मध्यापासून बाहेर कापत काढा, एका कडेने सुरुवात केलीत तर फ्रेम पिळेल. मग रत्नागिरीला घेऊन या. मी 40 पाउंडांच्या वर ओढणार नाही, आणि पॉलिएस्टर तर हिच्यात भरणारच नाही, कितीही आग्रह केलात तरी.

नट नव्याने शोधू नका. उरलेल्यांपैकी एक काढून सायकलच्या दुकानात दाखवा, तिथे आटे जुळवून देतील.