खालच्या थरातले आंबे

सीझनचे दिवस असूनही या महिन्यात पत्रं भरपूर आली. त्यातली तीन घेतलीत, पहिल्यालाच जास्त जागा जाणार आहे कारण ते वाचून दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. नावगाव कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : मावशी, प्रभूच्या नावात सलाम. आम्ही देवगड तालुक्यातले. घरची साठ कलमं आहेत आणि मिस्टर सीझनला हायवेवर स्टॉल लावतात. दोन वर्षं झाली मोहोर गळतोय, माल पुरत नाही, म्हणून ते कर्नाटकचा आंबा आणतात आणि पेटीत खालच्या थराला तो, वरती आपला, असं भरायला लावतात. पेटीवर देवगड हापूस छापलेलंच असतं. मी बोलले की म्हणतात सगळेच करतात, लोनचा हप्ता काय तुझी प्रार्थना भरणार आहे? चर्चला दशांश मात्र अगदी पैशापैशाचा हिशोब करून देतात, कमिटीवरही आहेत. पेट्या भरायला मीच बसते मावशी. त्याच हातांनी रात्री बायबल उघडते. काय करू?

उत्तर : बाय माझे, सलाम. आधी हे सांगते की तुझ्या मिस्टरांची अडचण खोटी नाही. अवकाळी पाऊस पडला, मोहोर काळा पडला, फवारणीचे पैसे गेले आणि बँकेला त्याचं काही सोयरसुतक नसतं, हे मी लहानपणापासून घरात बघितलंय. त्यामुळे तो माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही आणि तूही मनात तसं धरू नको. पण पेटीतलं जे चाललंय ते चूक आहे, आणि तू ते मला विचारलंस याचा अर्थ तुलाही ते आधीच कळलंय.

बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, पंचविसाव्या अध्यायात, देव सांगतो की तुझ्या पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवू नको, एक मोठं आणि एक लहान. घ्यायला एक, द्यायला एक. वरचा थर आणि खालचा थर ही त्या पिशवीतलीच दोन वजनं झाली. आणि आमोस संदेष्ट्याने ज्या व्यापाऱ्यांना झाडलंय ना, ते शब्बाथ पाळणारेच लोक होते, दुकान बंद ठेवून बसायचे पण मनात एकच, की हा शब्बाथ कधी संपतो आणि आपण माप लहान करून गव्हातला गाळ कधी विकतो. आठव्या अध्यायात आहे, वाचून बघ.

दशांशाचं तर येशूने स्वतःच बोलून ठेवलंय. परूशी, म्हणजे त्या काळचे नियम काटेकोर पाळणारे धार्मिक लोक, पुदिना, शेप, जिरं यांचासुद्धा दशांश मोजून द्यायचे, एवढीएवढीशी पानं मोजत बसायचे, आणि न्याय, दया, विश्वास मात्र सोडून दिलेले. त्यात तो दशांश देऊ नका असं म्हणाला नाही हां, हे पण करा आणि ते सोडू नका असं म्हणाला. म्हणजे तुझ्या मिस्टरांचा दशांश चांगलाच आहे, पण त्यातले काही पैसे पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकाने देवगडच्या आंब्याचे म्हणून दिलेत आणि त्याला देवगडचा आंबा मिळालेला नाही, मग ते देवापुढे कसे ठेवायचे? २०१८ साली आपल्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि शेजारच्या रायगड, ठाणे, पालघर एवढ्याच जिल्ह्यांच्या आंब्याला ते नाव लावता येतं. त्या नावाचा फायदा तुझ्या साठ कलमांना मिळतो. मग खालच्या थराला दुसऱ्या राज्यातला आंबा घालून आपण आपल्याच मालाचं नाव घालवतो. ज्याने ती पेटी नेली तो चार दिवसांनी खालचा थर काढतो, जाड सालीचा, पिवळट गराचा आंबा कापतो, वास येत नाही, आणि म्हणतो देवगडवाल्यांनी फसवलं.

आता माझं सांगते. मी बचतगटातून आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, विकायचे. एका वर्षी कोकमं कमी आली आणि ऑर्डर जास्त झाल्या, तेव्हा मी आगळात पाणी घातलं. फार नाही, पण घातलं, आणि मीठ वाढवून चव सारखी केली. बारा बाटल्या मुंबईला गेल्या. पंधरा दिवसांनी एका बाईचा फोन, की बाटलीत वर पांढरी साय आलीय, बुरशी आहे का? मी तिला सांगितलं तुम्ही ओला चमचा घातला असेल. हे बोलताना माझा आवाजसुद्धा हलला नाही. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकांनी नेहमीसारखं वाचलं, की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, त्या प्याल्यातून प्यावं. प्याला माझ्यापर्यंत आला आणि मला त्या बाटलीवरची पांढरी साय दिसली. मी प्याला न घेताच पुढे दिला. शेजारची बघत राहिली. घरी येऊन पदर न सोडता आधी फोन लावला, त्या बाईला खरं काय ते सांगितलं, मग बाकीच्यांना एकेक करून. पैसे परत केले आणि पुढच्या सीझनला प्रत्येकीला एक बाटली पाठवली. दोघीतिघींनी नंतर कधीच ऑर्डर दिली नाही. ते बरोबरच होतं त्यांचं.

हे मी कशावरून केलं तर जक्कयावरून. यरीहोचा मुख्य जकातदार, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. येशूने त्याला आधी हिशोब विचारला नाही, आज तुझ्या घरी उतरणार आहे एवढंच म्हणाला. आणि तो घरी आल्यावर जक्कय स्वतःहून उठून उभा राहिला, की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात फसवून घेतलेलं परत करताना वर पाचवा हिस्सा घालायला सांगितलाय, हा माणूस त्याच्याही पुढे गेला. येशू घरात आलाय हे गावाला कशावरून कळलं असेल तर लोकांचे पैसे परत यायला लागले त्यावरून.

आता तू काय करायचंस. पहिलं म्हणजे भरायचं थांबव. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा आहेत, नवराबायकोने मिळून विकलेल्या जमिनीच्या पैशांबद्दल खोटं ठरवलं, पण येशूचा शिष्य पेत्र याने सप्पीरेला वेगळं विचारलं, नवरा कोसळून मेल्यावर तीनेक तासांनी, आणि तिचं उत्तर तिचं स्वतःचं होतं. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. पेत्र आपल्या पत्रात बायकांना नवऱ्याच्या अधीन राहा म्हणतो त्याचा अर्थ खोट्यात हात घाला असा कुणी तुला सांगितला तर ऐकू नको, एवढ्यासाठी सांगते.

पण सांगायचं कसं ते महत्त्वाचं. पेट्या भरायला बसलेल्या गड्यांसमोर नाही, स्टॉलवर गिऱ्हाईक उभं असताना तर नाहीच. रात्री जेवणं झाली की शांतपणे सांग, की मी आपला आंबा भरेन, निवडेन, आढी लावेन, पेंढा घालेन, रात्रभर जागेन, पण एका पेटीत दोन आंबे माझ्या हातून होणार नाहीत. आणि नुसतं नाही म्हणून थांबू नको, हिशोब घेऊन बस. कर्नाटकचा आंबा विकणं हे पाप नाही ग, तो पण देवानेच केलाय. वेगळा ढीग लावा, वर पाटी लावा कर्नाटकचा आंबा, दर कमी ठेवा. पाटी बघून घेणारे लोक असतात, सगळ्यांचं बजेट देवगडचं नसतं. आपला बारका, डागी माल आंबापोळीला, मावा करायला काढा. हप्त्याचं म्हणशील तर थकायच्या आधी दोघं मिळून बँकेत जाऊन बोला, थकल्यावर जाण्यापेक्षा ते कधीही बरं.

पाळकांकडे लगेच जाऊ नको. मत्तयाच्या अठराव्यात येशूने क्रम दिलाय, आधी एकट्याने एकट्याशी, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळी, म्हणजे अख्खं चर्च. कमिटीतल्या माणसाची गोष्ट आधी मंडळीत गेली तर तो आंब्याचं विसरेल आणि अब्रूचं धरून बसेल. मात्र यावरून त्यांनी हात उगारला किंवा घरात तुझं जगणं कठीण केलं तर मग क्रम बघत बसू नको, त्याच दिवशी पाळकबाईंना फोन कर, माहेरी कळव.

आणि त्यांना वेळ दे. रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. पाच वर्षं. टिळकांसारख्याच्या घरात पाच वर्षं लागली, तुझ्या घरात एक सीझन लागला तर लागू दे.

प्रश्न : वाडीत आमचं एकच ख्रिस्ती घर. चतुर्थीला शेजारच्या काकी उकडीचे मोदक घेऊन येतात, मुलांना आरतीला बोलावतात. आमचे एक भाऊ म्हणतात घ्यायचंच नाही, परत पाठवा. गेल्या वर्षी परत पाठवले तर काकी वर्षभर नीट बोलल्या नाहीत. माझ्या बाळंतपणात याच काकींनी मला शेक दिला होता.

उत्तर : काकींना दुखावलंत ते आधी जाऊन निस्तरा. चतुर्थीची वाट बघू नका, उद्याच जा.

आता शास्त्राचं. करिंथमध्ये हाच प्रश्न होता, बाजारातलं मांस बरंचसं देवळातून आलेलं असायचं. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात उत्तर दिलंय आणि ते एका ओळीचं नाहीये. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण समोरच्याने सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी आणि विवेकासाठी खाऊ नका. आणि मूर्तीच्या पूजेत भागी होऊ नका, हे तर ठामच. म्हणून माझं मत असं, आणि सगळ्या मंडळ्यांत हेच मानतात असं नाही, की आरतीला हात जोडायला मुलांना पाठवू नका, नैवेद्य म्हणून आलेलं घेऊ नका, पण हे काकींना ताट दारात आल्यावर सांगायचं नसतं हो. आठ दिवस आधी त्यांच्या ओटीवर बसून सांगा की काकी, आम्ही येशूला मानतो म्हणून प्रसाद घेत नाही, पण तुमच्या हातचे मोदक मला हवेत, नैवेद्य दाखवायच्या आधी चार आमच्यासाठी बाजूला काढाल? कोकणातली बाई याला नाही म्हणणार नाही. आणि आदल्या दिवशी नारळ खवायला, सारणाला, पीठ मळायला जा. पाहुणे येतात तेव्हा पाणी भरायला मुलगा पाठवा. ज्या दिवशी तुमच्या घरी नाताळच्या करंज्या होतात त्या दिवशी पहिलं ताट काकींकडे जाऊ दे.

भावांना राग आला तर त्यांना पौलाचे दोन्ही अध्याय पूर्ण वाचून दाखवा, अर्धा वाचू नका. त्यात दुसऱ्याच्या विवेकाला जपायचंय, भावाच्याही आणि काकींच्याही.

प्रश्न : मावशी मी रत्नागिरीत बोटीवर खलाशी आहे. आठ आठ दिवस समुद्रात, रविवार कधी आला गेला कळत नाही. बोटीवर मी एकटाच ख्रिस्ती. बाकीचे पितात, शिव्या देतात, मी पण कधी कधी. मी विश्वासात मागे पडलोय असं वाटतं.

उत्तर : बाळा, येशूने पहिले जे चार बोलावले ते मासे पकडणारेच होते, जाळी धुताना नाहीतर टाकताना सापडले. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तर रात्रभर काहीच मिळालं नाही आणि पहाटे किनाऱ्यावर तो स्वतः कोळसे पेटवून, वर मासे ठेवून, भाकर घेऊन त्यांची वाट बघत होता. ओल्या कपड्यांनी थकून आलेल्यांना आधी म्हणाला या, न्याहारी करा. पेत्राने येशूला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं होतं, त्याचं बोलणं न्याहारीनंतर. तेव्हा मागे पडलो म्हणून त्याच्यापासून लांब राहू नको.

बंदरातून निघायच्या आधी, रेंज असेपर्यंत, ऑडिओ बायबल फोनमध्ये डाउनलोड करून घे. स्तोत्र १०७ जहाजातून समुद्रात जाणाऱ्यांचंच आहे, तेविसाव्या ओवीपासून ऐक, वादळात माणसाचं कसं होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त समजेल. रविवार मोजायला तांडेलच्या केबिनमध्ये कॅलेंडर असेलच. त्या दिवशी जाळं ओढायच्या मध्ये दहा मिनिटं मिळाली तरी पुढे नाळीवर जाऊन बस. पिण्याचं आणि शिवीचं रोज संध्याकाळी नाव घेऊन त्याला सांग, आज दोनदा झालं, आज झालं नाही, असं.

आणि तुमच्या बोटीवर नेपाळी पोरं असतील ना? त्यांना भाषा येत नाही म्हणून बर्फ फोडायचं, घाणीचं काम त्यांच्यावर टाकतात, जेवायला शेवटी बसवतात, हे मी धक्क्यावर बघितलंय. तू त्यांच्याबरोबर जेवायला बस. ताप आला तर गोळी दे, घरी फोन लावायला रिचार्ज मार. उपदेश करायला बोटीवर जागा नसते पण ताटाशेजारी ताट ठेवायला असते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर घेतल्या, शाकारून झाल्या की ते दोन महिने मंडळीचे. पाळकांना आत्ताच फोन करून सांगून ठेव की मी येतोय, रविवारी आणि बुधवारच्या प्रार्थनेलाही, आणि जमलं तर त्या नेपाळी पोरांपैकी जो इथेच राहतो त्याला जेवायला घरी घेऊन ये.