थोरल्याला मिळालेलं ‘सगळं’ : जुनं इंग्रजी मृत्युपत्र वाचणाऱ्यास पत्र

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली 1742 सालच्या मृत्युपत्राची नक्कल वाचली, सोबतचं टिपणही वाचलं. टिपणात तू म्हणतोस की बापाने थोरल्याला सगळं दिलं, बायकोची वर्षाला 40 पौंडांवर बोळवण केली, तिन्ही मुलींना 300-300 दिले आणि धाकट्याच्या हातावर एक शिलिंग टेकवून त्याला वाऱ्यावर सोडलं. अक्षर तू बरोबर लावलं आहेस, पण वाटणी चुकीची वाचली आहेस. तिथल्या घरांतली खरी वाटणी तीन-चार ठिकाणी विखुरलेली असते आणि मृत्युपत्र हा त्यातला एकच तुकडा असतो. मुलीचा हुंडा लग्नाच्या करारात गेलेला असतो, बायकोची सोय कधीकधी लग्नाच्या वेळीच लागलेली असते, आणि जी जमीन मृत्युपत्रात नाही ती त्या काळच्या कायद्याने आपोआप थोरल्याकडे जाई. तिचा कागदावर उल्लेखही सापडत नाही.

आधी तारीख. नकलेत मृत्युपत्राची तारीख 18 फेब्रुवारी 1741 आहे आणि प्रोबेट, म्हणजे मृत्यूनंतर मृत्युपत्राला मिळालेली कोर्टाची मान्यता, मे 1742चं. तू लिहिलंस, ‘पंधरा महिने आधीच तयारी केली होती.’ तसं नाही. 1752 पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई, म्हणून त्यांचा फेब्रुवारी 1741 हा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी 1742. माणूस तीन महिन्यांच्या आत गेला, म्हणजे बहुधा अंथरुणावरून सांगितलेलं मृत्युपत्र आहे. अशा घाईच्या कागदात काय राहून गेलं हे शोधायचं असतं. जानेवारी, फेब्रुवारी आणि 24 मार्चपर्यंतच्या तारखा नेहमी 1741/42 अशा दुहेरी लिहीत जा.

मग कागदाचे दोन भाग कर, स्थावर आणि जंगम. इथे आपल्या सवयीने चालू नकोस. 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचं घर आपण स्थावरात धरू, इंग्रजी कायदा ते जंगमात धरी. स्थावराच्या मृत्युपत्राला 1677च्या कायद्याने लेखी कागद, सही आणि किमान तीन साक्षीदार लागत. जंगमाला इतकं काही लागत नसे. म्हणून एकाच कागदातला जंगमाचा भाग टिकला आणि जमिनीचा पडला, असंही होई. साक्षीदारांची नावं लाभार्थींच्या यादीशी ताडून बघ. ज्याला काही मिळणार आहे तोच साक्षीला असेल, तर त्या काळात जमिनीचं सगळं देणंच धोक्यात येई. 1752च्या कायद्याने हे सुधारलं. साक्ष चालू लागली, पण त्या साक्षीदाराला मिळणारं रद्द झालं.

आता त्या ‘सगळं मिळालेल्या’ थोरल्याचा हिशेब मांडू. नकलेप्रमाणे जमिनीचा खंड वर्षाला 120 पौंड. त्यावर आईचे 40 पौंड, चार हप्त्यांत. 25 मार्च, 24 जून, 29 सप्टेंबर आणि 25 डिसेंबर या दिवशी 10-10 पौंड. हप्ता 21 दिवस थकला तर तिला जमिनीवर शिरून जप्ती करण्याचा अधिकार दिला आहे, तेव्हा ही काही मुलाच्या मर्जीवरची भाकरी नव्हे. मुलींचे 900 पौंडही जमिनीवरच बसवले आहेत. प्रत्येकीला 21व्या वर्षी किंवा लग्नात मिळायचे आणि तोवर शेकडा 4 व्याज. ते झाले 36 पौंड. 120 मधून 76 वजा जाता 44 राहिले. त्यात 1742 हे लढाईचं वर्ष, जमीनकर पौंडामागे 4 शिलिंग, म्हणजे नावाला पाचवा हिस्सा. आकारणी जुनी असल्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी कमी पडे, पण पूर्ण पडला असं धर, तर आणखी 24 गेले. थोरल्याच्या हाती 20 पौंड, आईच्या निम्मे. पुढे एकेका मुलीचं लग्न ठरलं की 300 पौंड रोख उभे करायचे. ते गहाणावर काढले तर व्याज शेकडा 5 पर्यंत (1714 पासून कायद्याने तेवढीच कमाल), म्हणजे एका बहिणीमागे 12 ऐवजी 15 पौंड. जमीन थोरल्याची आणि तिचं उत्पन्न इतरांचं, ही रचना त्या शतकातल्या जमीनवाल्या घरांत पदोपदी दिसते. कर्जात बुडालेल्या थोरल्यांच्या कहाण्यांमागे कधी जुगार असतो, पुष्कळदा बहिणींचे हप्ते असतात.

आईच्या कलमात दोन शब्दसमूह तू गाळले आहेस, ते परत घाल. पहिला, ‘डावरच्या बदल्यात’. डावर म्हणजे नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यावर विधवेचा हयातीपुरता हक्क. 120चा तिसरा हिस्सा 40, म्हणजे बापाने कायद्याने मिळालं असतं तेवढंच दिलं आहे, फक्त जमिनीच्या तुकड्याऐवजी ठरीव रक्कम. तिने दोहोंपैकी एक निवडायचं. ते शब्द नसते तर ती दोन्ही मागू शकली असती. दुसरा, ‘ती विधवा असेतोवर’. पुन्हा लग्न केलं की 40 पौंड बंद. हे कलम आकसाचंच असतं असं मानू नकोस. विवाहित बाईची जंगम मिळकत नव्या नवऱ्याची होई, आणि पहिल्याच्या मुलांचा पैसा त्या घरात जाऊ नये एवढाच बहुतेक वेळा हेतू असे.

मुलींच्या बाबतीतही हेच. एखादी आधीच लग्न झालेली असेल तर ‘तिच्या एकटीच्या स्वतंत्र वापरासाठी’ आणि ‘तिची एकटीची पावती पुरेशी’ हे शब्द आहेत का ते बघ. नसतील तर 300 पौंड जावयाच्या खिशात गेले म्हणून समज. स्त्रीधनाची आपली कल्पना इथे लावू नकोस. हे विश्वस्तांच्या आडून चॅन्सरी (न्यायबुद्धीने निवाडा करणाऱ्या) कोर्टाने मान्य केलेलं संरक्षण होतं, ते शब्दांत लिहावं लागे.

राहिला शिलिंग. एका शिलिंगवर बोळवण केल्याशिवाय मुलाला वगळता येत नाही, हा लोकांचा समज होता. कायद्याची तशी अट नव्हती. 1725 पासून लंडनच्या नागरिकांनाही जंगम मालमत्ता हवी तशी देता येऊ लागली. त्याआधी तिथे जंगमाचा एक तृतीयांश बायकोचा, एक तृतीयांश मुलांचा, उरलेल्यावर फक्त त्याची इच्छा अशी रीत होती. मग शिलिंग कशाला? पुष्कळदा ती एक नोंद असते : ‘याला मी विसरलो नाही, याचं याला दिलेलं आहे.’ धाकट्याला धंदा शिकायला उस्तादाकडे ठेवताना मोठी रक्कम भरावी लागे, आणि 1710 पासून त्या रकमेवर मुद्रांककर होता. त्या कराची नोंदवही क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आय.आर. 1 या मालिकेत आहे. त्यात मुलाचं नाव शोध. तिथे 100-150 पौंड भरलेले सापडले तर तुझं ‘वाऱ्यावर सोडलं’ हे वाक्य खोडावं लागेल. नाही सापडले तरी लगेच भांडणाचा निष्कर्ष काढू नकोस, कारण नात्यातल्याच कुणाकडे फुकट ठेवलेल्या मुलांची नोंद त्यात नसते.

शब्दांची अडचण मराठी वाचकाला जरा जास्तच येते. त्यांच्या ‘ब्रदर’मध्ये सख्खा भाऊ, मेव्हणा, दीर, साडू सगळे मावतात, आणि ‘सन-इन-लॉ’ हा जावई असेल किंवा सावत्र मुलगाही. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द आहे म्हणून भाषांतर करताना हात आपोआप एक निवडतो. निवडू नकोस. पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, नोंदवहीत लग्न सापडेपर्यंत मूळ शब्द तसाच ठेव.

याहून अवघड काम करतात ते कायद्याचे छोटे शब्द. जमीन ‘माझ्या मुलाला’ एवढंच म्हणून दिली आणि पुढे ‘व त्याच्या वारसांना’ नसलं, तर त्या काळी त्याला बहुधा हयातीपुरताच हक्क मिळे आणि त्याच्यानंतर जमीन बापाच्या कायदेशीर वारसाकडे परते. थोरल्याला दिली असेल तर फरक पडत नाही, कारण वारस तोच. धाकट्याला किंवा मुलीला दिली असेल तर त्यांची मुलं रस्त्यावर येत. तिघी बहिणींना एकत्र दिलेल्या गोष्टीपुढे ‘समसमान वाटून’ आहे का तेही पाहा. नसेल तर एक मेली की तिचा वाटा तिच्या मुलांना न जाता उरलेल्या दोघींकडे जाई. मृत्युपत्र केल्यानंतर घेतलेली जमीन त्यात येतच नसे. आणि ज्याला रक्कम द्यायची तो आधी वारला तर रक्कम बुडे, तो पोटचा मुलगा असला तरी. यातलं बरंच 1837च्या कायद्याने बदललं, म्हणून नंतरची पुस्तकं वाचून मागचा अर्थ लावू नकोस.

1752 नंतरच्या मृत्युपत्रांत ‘कॉन्सॉल’ भेटतील, म्हणजे सरकारी कर्जाचे शेकडा 3 व्याजाचे रोखे. इथे ‘1,500 पौंड’ आणि ‘कॉन्सॉलमधले 1,500 पौंड’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसऱ्याचा अर्थ वर्षाला 45 पौंड व्याज, एवढंच पक्कं. विकायला गेलं तर 1750च्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास पूर्ण किंमत येई. 1797-98 मध्ये भाव 50च्याही खाली गेला, म्हणजे त्याच रोख्यांचे 750 सुद्धा येईनात. विधवेला व्याज हवं असे, तिचं बिघडत नसे. धंदा सुरू करायला रोख मागणाऱ्या मुलाचं मात्र निम्मं उडे. मालमत्ता अपुरी पडली की आधी ‘उरलेलं सगळं’ ज्याला दिलंय त्याचा वाटा जाई, मग नुसत्या आकड्याच्या रकमा प्रमाणात कापल्या जात, नेमून दिलेली वस्तू सगळ्यात शेवटी. उदार दिसणाऱ्या मृत्युपत्रात ‘उरलेलं सगळं’ मिळवणाऱ्याच्या हाती काही पडलं का, हे नुसत्या कागदावरून कधीच सांगता येत नाही.

उत्पन्न वाटूच नये असंही एकाने ठरवलं होतं. पीटर थेलसन हा लंडनचा व्यापारी 1797 मध्ये वारला. बायको-मुलांना सुमारे 1 लाख पौंड देऊन उरलेल्या सुमारे 6 लाखांचं उत्पन्न, तेव्हा हयात असलेले मुलगे आणि नातवंडं-पतवंडं संपेपर्यंत साठवत ठेवायचं, असं त्याने लिहिलं. पार्लमेंटने 1800 मध्ये पुढच्यांसाठी ही वाट बंद केली. हाउस ऑफ लॉर्ड्सचा शेवटचा निकाल 1859चा. साठलेल्यापैकी बरंच वकिलांत आणि कारभारात विरलं होतं.

तुझी नक्कल नॅशनल आर्काइव्हजच्याच प्रॉब 11 मालिकेतली आहे, म्हणजे कॅंटरबरीच्या धर्मपीठाच्या कारकुनाने उतरवलेली. खालची सही मृताची नाही, कारकुनाचं अक्षर आहे. त्यामुळे ‘सही थरथरती नाही’ हे वाक्य टिपणातून काढून टाक. मूळ कागद हवा तर प्रॉब 10 मागव. 1796 पासून मृत्युपत्रांवरच्या कराची वही आय.आर. 26 मध्ये आहे आणि प्रत्यक्ष कुणाला किती पोचलं ते तिथे कधीकधी कळतं. बायको, मुलं आणि आईबाप सुरुवातीला करातून वगळलेले होते, हे ध्यानात ठेव. मुंबईत वारलेल्या कंपनीच्या नोकरांची मृत्युपत्रंही तुला पुढे लागतील. 1726च्या सनदेने इथे मेयर्स कोर्ट आलं, त्याच्याकडे प्रोबेटचं काम होतं, आणि तिथल्या नकला लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत.

टिपण नव्याने लिहिण्याआधी एक तक्ता कर. दर माणसापुढे चार रकाने : काय दिलं, किती काळासाठी, पैसा कुठून यायचा, तो आधी मेला तर कुणाकडे. चौथा रकाना मुलींपुढे कोरा राहील असं मला वाटतं. घाईत राहून गेलं असेल ते बहुधा तिथेच. तक्ता झाला की पाठव.

कळावे.